रेघेपासून बावीस फूट

१ ऑगस्ट
कॅम्पवरून

टोशा,

फोटो मिळाला. त्याखाली तू लिहिलेलं "वाच. तुझीच करणी" हेही मिळालं.

वाचलं. हॅडिक्सच्या शाळेच्या ऑफिसचं पत्र. आपलं घर त्यांच्या हद्दीत येत नाही, मार्ली आणि डेलला रॉस क्रीकच्या शाळेत घाला. मला वाटलं मीच उलटसुलट वाचतोय, म्हणून माझ्या खोलीतल्या बर्डेटला मोठ्याने वाचायला लावलं. त्यानेही तेच वाचलं.

फोन करायचा नाही म्हणतेस. "बोलण्यात तू मला गुंडाळतोस. कागदावर लिहिलंस की निदान तुझं तुला परत दाखवता येतं." ठीक आहे. मी मोबाइलशी बोलतो, तो अक्षरं उमटवतो, आणि मी ती बघून बघून कागदावर काढतो. या कागदाला दोन संध्याकाळी गेल्या. बर्डेट विचारतो, प्रेमपत्र आहे का. मी म्हटलं, जबानी आहे.

पण टोशा, पत्ता तर हॅडिक्सचाच आहे! ज्यांच्या शेतात आपलं घर उभं आहे त्या तुझ्या आर्विलमामांच्या पत्रपेटीवर चाळीस वर्षं हॅडिक्स लिहिलंय. "तुम्ही हॅडिक्सचे नाही" हे ज्या पाकिटातून आलं, त्या पाकिटावरसुद्धा हॅडिक्सच आहे, बघ परत. बर्डेट यावर खूप हसला. "अरे येड्या, पोस्टाची हद्द वेगळी, शाळेची वेगळी, आगीच्या बंबाची तिसरीच. माझा मेहुणा जेवतो एका गावात आणि हात धुतो दुसऱ्यात."

हे मला आधी माहीत नव्हतं. असं मी लिहून देतो.

रॉस क्रीकचं नाव काढू नकोस. "तिथे शिकून कोणी मेलं नाही" असं तू लिहिलंस ते रागात लिहिलंस. मार्चपासून तूच चार शाळा पालथ्या घातल्यास. रात्रपाळी करून शाळा सुटायच्या वेळी गाडी लावून बसायचीस, पोरं कसल्या तोंडाने बाहेर येतात ते बघायला. रॉस क्रीकमध्ये वाचायला शिकवणाऱ्या बाईंची जागा दोन वर्षं रिकामी आहे आणि न वाचणाऱ्या पोरांच्या कानात हेडफोन अडकवून त्यांना मागे बसवतात, हे तूच मला सांगितलंस. आणि हॅडिक्सच्या ओडमबाई एकेका पोराला शेजारी घेऊन, ताटात वाळू पसरून, अक्षरं बोटाने काढून घेतात, हे सांगताना तू रडली होतीस. केंटकी सोडून ओहायोला यायचं ठरलं ते त्या बाईंसाठी. वृद्धाश्रमातली नोकरी तुला कुठेही मिळाली असती.

मार्ली नऊ वर्षांची झाली आणि गोष्ट पाठ करून वाचल्याचं नाटक करते. हे नाटक मला ओळखू येतं. मी पंधरा वर्षांचा होईपर्यंत तेच केलं. मग एके दिवशी मास्तरांनी इंजिनाचं पुस्तक हातात दिलं, नवं कोरं, आधी कुणी मोठ्याने वाचलेलं नव्हतं ते, आणि म्हणाले, वाच. मी उठून बाहेर गेलो तो गेलोच.

तुझी बहीण ब्रेना हॅडिक्सच्या बाजारात राहते. तिच्या पत्त्यावर मुलं दाखव. सगळे करतात. तोवर रॉस क्रीकच्या कागदांवर सही करू नकोस.

कोय


७ ऑगस्ट
अजून कॅम्पवरूनच

टोशा,

बरं. ब्रेनाचा पत्ता नको. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईने तसं केलं, तर शाळेने माणूस लावून तिच्या गाडीचा माग काढला आणि तिला कोर्टात उभं केलं, हे मला ठाऊक नव्हतं. "मी खोट्या पत्त्यावर सही करणार नाही, माझ्या घरात एक खोटारडा पुरे झाला." वाचलं. पुढे.

पाकिटावर नॉर्थ डकोटाऐवजी वायोमिंगचा शिक्का कसा, असं विचारलंस. टपाल कुठून कुठून फिरून येतं. ते नंतर.

मी हॅडिक्सच्या ऑफिसला फोन केला. प्रवेशाचं सगळं प्रुइटबाई बघतात. जसं झालं तसं लिहितो, म्हणजे मी रंगवून सांगतो असं म्हणायला नको.

"मुलं कुणाकडे असतात?"

"आईकडे."

"मग आईने फोन करावा."

"आई दोन पाळ्या करतेय, बाई. मला फक्त रेघ कुठे आहे तेवढं सांगा."

त्यांनी नकाशा काढला. "रेघ तुमच्या मामांच्या शेतातूनच जाते. वरची बाजू आमची, खालची रॉस क्रीकची. तुमचं घर रेघेपासून बावीस फूट खाली आहे."

"बावीस फूट? बाई, मी घराच्या दारातून थुंकलो तर तुमच्या हद्दीत पडेल!"

"थुंकीला प्रवेश मिळत नाही, मिस्टर स्टिडम."

मला ती बाई आवडली. मी विचारलं, घर रेघेवरच असलं तर? म्हणाल्या, मग निजायची जागा बघतो, जिथे झोपता ती तुमची हद्द. मी विचारलं, आणि घर सरकलं तर?

"घरं सरकत नाहीत."

"आमचं सरकतं, बाई. आमचं चाकांवर आणलेलं ट्रेलर-घर आहे."

नकाशा पुन्हा उलगडल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, जिल्ह्याचा मोजणीवाला येऊन नवी जागा मोजून गेला, त्याने कागद दिला, आणि पंचवीस तारखेला सकाळी आठच्या आत सगळं माझ्या टेबलावर आलं, तर बघू. त्यानंतर या वर्षी नाही.

तेव्हा ऐक. साठ फुटांचं घर आख्खं वर न्यायचं नाही, नुसतं फिरवायचं. आत्ता ते रेघेला समांतर आडवं पडलंय. एका टोकाला मोठी खोली, दुसऱ्या टोकाला मुलांची. मोठ्या खोलीचं टोक आहे तिथेच ठेवायचं आणि मुलांचं टोक चढावर ओढून घ्यायचं, दार उघडावं तसं. मुलांचे पलंग आरामात पलीकडे जातात. मी रोज हेच करतो, तेलविहिरींवरच्या माणसांची घरं ट्रकमागे लावून इकडची तिकडे नेतो.

घर ओढणारे तिकडे ऑक्टोबरपर्यंत मोकळे नाहीत, हे मी फोन करून विचारलं. मामांचा ट्रॅक्टर पुरेल. आधी खालचा पत्र्याचा घेर सोडवा. जमिनीला बांधलेले पट्टे सोडा. पाणी बंद, वीज बंद, मैल्याचा नळ सोडून तोंड चिंधीने बांधा. जॅक एका वेळी दोन इंचांच्या वर फिरवायचा नाही, आणि जॅकवर उभ्या असलेल्या घराखाली कुणीही हात घालायचा नाही. डेलला ब्रेनाकडे पाठव. त्याला दोरीने बांधलंस तरी तो घराखाली जाईल.

मी आलो असतो. पण इथे माणसं कमी आहेत, सुट्टी नाही.

कोय


१३ ऑगस्ट
वायोमिंग

टोशा,

वर लिहिलंय ते वाचलंस. नॉर्थ डकोटा नाही, वायोमिंग. शिक्का खराच होता.

आज आधी तुझं उत्तर देतो. हो. घराखाली चाकं नाहीत. एक्सलही नाहीत. पुढचा ओढायचा दांडाही नाही. तू आणि मामा घेर सोडवून, बॅटरी घेऊन, कोळ्यांच्या जाळ्यांतून पोटावर सरपटत आत गेलात, आणि तिथे सिमेंटच्या ठोकळ्यांशिवाय काही नव्हतं. "या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, कोय. शेवटी मी तिथेच पडून राहिले." ते वाक्य मी दोनदा कागदावर काढून बघितलं.

मी जूनमध्ये घर लावलं त्याच दिवशी सगळं काढलं. मला उत्तरेला जायचं होतं आणि ट्रकचे टायर गुळगुळीत झाले होते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला एक्सल, चाकं, दांडा सगळं दिलं आणि चार टायर घेतले. तुला म्हटलं, सगळं खाली ठेवलंय. मला वाटलं, घर एकदा बसलं की बसलं, खाली कोण बघतंय. आमच्या धंद्यात निम्मी माणसं हेच करतात आणि मग उरलेली निम्मी त्यांना शिव्या घालतात. मी दोन्हीकडे असतो.

आता दुसरं. पहिल्या पत्रात मी "आधी माहीत नव्हतं" असं लिहून दिलं, ते खोटं आहे. तो कागद तुझ्याकडे आहे. फाडू नकोस.

त्या दिवशी मामा अक्रोडाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. मी घर मागे घेत होतो. ते म्हणाले, "कोय, शाळेची रेघ इथूनच कुठूनतरी जाते म्हणतात. ठोकळे लावायच्या आधी ऑफिसात विचारून घे. वर टेकाडापाशी लाव हवं तर."

मी म्हटलं, "मामा, पोस्ट हॅडिक्सचं आहे ना? मग झालं."

"अरे, एक फोन कर."

"वर चढ आहे. समतल करायला दोन दिवस जातील."

मग ते जे म्हणाले ते मला रोज ऐकू येतं. "घर लावतोयस की पळायच्या आधी गाडी उभी करतोयस?"

मी हसलो. तीन वाजता हात धुतले आणि पाच वाजता रस्त्याला लागलो. तू मार्च, एप्रिल, मे अशा तीन महिन्यांत जे शोधलंस ते मी एका दुपारी बावीस फुटांनी घालवलं, कारण मला चढावर दोन दिवस घालवायचे नव्हते. तू विचारशील, एवढी कसली घाई होती. मला सांगता येत नाही. कुठेही थोडे दिवस झाले की मला रात्री उठून गाडीत जाऊन बसावंसं वाटतं. नॉर्थ डकोटातली नोकरी जुलैतच सोडली. कुणी काढलं नाही. "एक वर्ष एका जागी काम कर, मग घरात ये," ही तुझी एकच अट होती आणि ती मी एका महिन्यात मोडली, आणि वरून कॅम्प कॅम्प लिहीत बसलो.

हे पत्र पोचायला चार दिवस लागतील, आपल्याकडे बारा आहेत. म्हणून कागद टपालात टाकतोय आणि त्याचा फोटोही पाठवतोय. रॉस क्रीकचे कागद तू भरून ठेवलेस म्हणतेस. भर. सही चोवीस तारखेपर्यंत थांबव. मला शिव्या दे, पण तेवढं थांबव. काल मार्ली तुझ्या फोनवरून बोलली, रागावू नकोस, तिनेच लावला. म्हणाली, "बाबा, नव्या शाळेत पहिल्या दिवशी मोठ्याने वाचायला लावतात का?" मी म्हटलं, नाही गं. म्हणाली, "तुम्हाला काय माहीत, तुम्ही तर शाळा अर्धीच सोडलीत." डेल मागून ओरडला, "मला येतं वाचायला! मी वाचतो!" आणि तिने फोन ठेवला.

कोय


१७ ऑगस्ट
नेब्रास्का, रस्त्याकडेच्या ट्रकतळावरून

टोशा,

"ये. मी नसताना ये. बुधवारपासून रविवारपर्यंत मी मुलांना घेऊन आईकडे केंटकीत आहे. रविवारी रात्री आम्ही परत येऊ. घरात तुझं काही दिसता कामा नये." कळलं.

नोकरी सोडली. माहीत आहे काय म्हणशील. मालकाच्या आवारात मोडक्या घरांचा ढीग आहे, त्यातून दोन एक्सल, चार चाकं आणि एक दांडा काढून दिला, माझ्या शेवटच्या आठवड्याच्या पगाराच्या बदल्यात. ट्रकवर बांधलंय. दर पन्नास मैलांवर उतरून पट्टे बघतो.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. मी शेकडो घरं हलवली, सगळी सपाट माळावर, सगळी परक्यांची. ट्रॅक्टर जुना, गवतावर चढ, आणि मामा एकाहत्तरचे. घर मोडलं तर शाळाही गेली आणि घरही. तुला नको असेल तर आत्ता लिही, मी इथूनच वळतो आणि तू रॉस क्रीकवर सही कर. याचाही फोटो पाठवतोय; मंगळवार संध्याकाळपर्यंत काही आलं नाही तर मी येतोय असं समज.

कोय


२४ ऑगस्ट, रविवार
स्वयंपाकघरातल्या टेबलावरून

टोशा,

दारातून बाहेर पडताना उजवीकडे उतरायची सवय असेल तर जपून, आता पायऱ्या दुसऱ्या बाजूला आहेत. डेलला आधी उतरू देऊ नकोस.

काय काय झालं ते सांगतो, मग काय करायचं ते तू ठरव.

बुधवारी पोचलो. मामा फाटकातच उभे. "या जावईबापू. फार लवकर आलात, अजून पाच दिवस शिल्लक आहेत." मग एक्सल बघितले, टायर लाथेने तपासले, आणि आत जाऊन घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव घेऊन आले. रात्री पाऊस पडला. मी कोठारात पडून ऐकत होतो आणि मनात गवत भिजताना दिसत होतं.

गुरुवारी सकाळी एक्सल बसवले, जॅक काढले, घर चाकांवर आलं. मामा ट्रॅक्टरवर, मी मागच्या चाकापाशी ठोकळे घेऊन. मुलांचं टोक हळूहळू वर यायला लागलं. अर्ध्यावर आलं आणि ट्रॅक्टरचं मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. चिखल उडाला. आणि घर मागे यायला लागलं.

सावकाश येतं, टोशा. पळत येत नाही. म्हणूनच भीती वाटते, कारण सगळं दिसतं. घर ट्रॅक्टरलाच मागे ओढत होतं आणि मामा त्यावर बसलेले. मी चाकामागे ठोकळा टाकला, तो बिस्किटासारखा फुटला. मी ओरडलो, "मामा, उडी मारा!"

"उडी मारली तर घर कोण धरणार? तुझा बाप?"

"मामा, उतरा म्हणतोय ना!"

"तू लाकूड घाल रे, गाढवा!"

कोठाराच्या दाराचा अडसर तिथे पडला होता. तो चाकाखाली घातला. हात काढायला एक क्षण उशीर झाला असता तर हे पत्र फोननेच लिहिलं असतं. घर थांबलं. आतून ताटं फुटल्याचा आवाज आला. तीन फुटलीत, निळ्या काठाची. कपाटाचं दार मी बांधायला विसरलो होतो. मामा उतरले, गवतावर बसले, आणि दहा मिनिटं नुसते टोपीने वारा घेत राहिले. मी म्हटलं, सोडून देऊ. ते म्हणाले, "तू सोड. तुला सवय आहे. मी घर वर लावून जेवायला जाणार." मग आम्ही चाकांखाली जुन्या फळ्या अंथरल्या आणि फूट फूट करत नेलं. चार तास लागले. समतल करायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. पाणसळ लावून मी सोळा ठिकाणी बघितलंय. गोटी ठेवलीस तरी घरंगळणार नाही.

शुक्रवारी तीनला मोजणीवाला आला, आणि त्याच्याबरोबर स्वतः प्रुइटबाई. मला वाटलं होतं उंच, धिप्पाड असतील. चष्मा दोरीला बांधलेल्या, मामांच्या खांद्यापर्यंत येतील एवढ्या. मोजणीवाल्याने दोरी धरली आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवर खडूने रेघ मारली. चूल हॅडिक्समध्ये आली. फ्रिज रॉस क्रीकमध्ये राहिला. मामा म्हणाले, "म्हणजे आता अंडं तळायचं तर परराज्यातून आणायचं." बाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुसला.

मुलांच्या खोलीत गेल्या. दोन्ही पलंग बघितले. "हे आत आहे." मी श्वास सोडला.

"आणि आई कुठे झोपते?"

"पलीकडच्या खोलीत."

"मग नाही."

"बाई, तुम्हीच म्हणालात निजायची जागा!"

"निजायची जागा सांभाळणाऱ्याची. मूल आईबरोबर मोजतात, आईला मुलाबरोबर नाही मोजत. मला फोनवर तुम्ही पूर्ण विचारलं नाहीत, मिस्टर स्टिडम."

मी विचारलंच नव्हतं. पुन्हा अर्धं ऐकून पळालो होतो. साठ फुटांचं घर फिरवलं, मामांना जवळजवळ मारलं, आणि तुझा पलंग होता तिथेच, रॉस क्रीकमध्ये. मामा खिडकीबाहेर बघत होते.

या वेळी मी निघून गेलो नाही एवढंच सांगतो. मी म्हटलं, "बाई, आता मी पूर्ण विचारतो. तुम्ही बसा. नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवा, मला वाचता येत नाही नीट." मोजणीवाल्यासमोर म्हटलं. त्यांनी पिशवीतून पुस्तिका काढली आणि टेबलाशी बसून दोन पानं वाचली, बोट ठेवून, माझ्याकडे बघत बघत. मला कळेना तेव्हा थांबत होत्या. नियम असा आहे: आई मुलांच्या बाजूला झोपत असली तर तिघं हॅडिक्सची. मात्र तिने तसं शपथेवर सही करून द्यायचं. आणि शाळेचा माणूस सकाळी साडेपाचला कधीही येऊन बघू शकतो, आधी सांगत नाही, वर्षभर. खोटं निघालं तर दोन्ही मुलांचे प्रवेश त्याच दिवशी जातात आणि पुढचं तुला माहीत आहे.

शनिवारी मी मुलांची खोली मोडून पुन्हा बांधली. मुलांना एकावर एक असे दोन फळ्यांचे पलंग केले, वरचा मार्लीचा, कठडा उंच लावलाय. तुझा पलंग खिडकीखाली. मोठा मावत नव्हता, म्हणून मामांच्या घरातला एकट्याचा आणला, गादी तुझीच कापून शिवली. मधे चालायला दीड फूट जागा आहे. डेल झोपेत लाथा मारतो, भिंतीवर आवाज येईल. दिवसभर म्हाताऱ्यांना उचलून आल्यावर तुला स्वतःची खोली असू नये, असं मी तुझ्याकडे मागतोय. त्यावर तुला नाही म्हणता येतं. रॉस क्रीकचे कागद ड्रॉवरमध्ये जसेच्या तसे आहेत, मी हात लावला नाही. सही केलीस तर खरंच तिथे झोपायचं, टोशा. एकही रात्र पलीकडे नाही. हे खोटं मी तुझ्या नावावर घडू देणार नाही.

हॅडिक्सचा फॉर्म मी भरलाय, मोजणीवाल्याचा कागद त्याला जोडलाय. एका ठिकाणी अडलो तर प्रुइटबाईंना फोन केला, त्यांनी शनिवार असून घरून उचलला. मार्लीचं नाव, डेलचं नाव, जन्मतारखा, लसी, सगळं माझ्या अक्षरात आहे. तपासून घे. "मुलाला काही विशेष मदत लागते का" या ओळीत मी लिहिलं, मार्लीला वाचता येत नाही, ती ते लपवते, तिला ओडमबाई हव्यात. तिला कळलं तर ती माझ्याशी महिनाभर बोलणार नाही. तरी लिहिलंय.

एक रकाना मोकळा आहे. वडिलांचा पत्ता. मी पेन घेऊन बसलो. वायोमिंग आता खरं नाही. हे घर मी लिहू शकत नाही, ते लिहायचा हक्क माझा नाही. मी बाईंना विचारलं, हा मोकळा राहिला तर पोरीचा प्रवेश अडतो का. म्हणाल्या, नाही, "अज्ञात" लिहिलं तरी चालतं, निम्म्या फॉर्मांवर तेच असतं. मी पुन्हा विचारलं, नक्की? म्हणाल्या, नक्की. हे दोनदा विचारलं ते अशासाठी, की मी मार्लीच्या शाळेच्या आडून घरात शिरतोय असं तुला वाटू नये.

पलीकडची खोली झाडून ठेवलीय. तिथे माझं काही नाही, बघून घे.

मामांचा शेजारी लाकडाची वखार चालवतो. खालच्या रस्त्याला, रॉस क्रीकच्या बाजूला. उद्या सहा वाजता मला कामावर बोलावलंय. झोपायला वखारीमागे एक खोली आहे. तू फॉर्म घेऊन निघशील तेव्हा मी तिकडे असेन, वाटेत दिसणार नाही.

आधी तुझी सही, शाळेच्या ओळीवर, करायची असेल तर. आठच्या आत. माझा रकाना जूनपर्यंत केव्हाही भरता येतो, असं बाई म्हणाल्या. मला घाई नाही.

कोय